पाणी नितळ झाले, निर्धोक झाले का?

१९५५ च्या नोव्हेंबरमध्ये यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्यातले मैलापाणी उलटे वाहत दिल्लीच्या वझिराबाद पाणी उपसा केंद्रापर्यंत आले. जलशुद्धीकरण केंद्रातली माणसे गाफील नव्हती. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीनची मात्रा वाढवली. त्याचा उपयोगही झाला. शहरात विषमज्वराची किंवा हगवणीची साथ आली नाही. पण पाच-सहा आठवड्यांनी, डिसेंबर आणि जानेवारीत, घरोघरी डोळे पिवळे झालेली माणसे दिसू लागली. सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते. त्या वेळी जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पंचवीस वर्षांनी तपासले गेले, तेव्हा ही कावीळ ‘ए’ किंवा ‘बी’ विषाणूची नव्हती हे कळले. आज तिला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतात.

क्लोरीनने जिवाणू मारले, विषाणू वाचला. सत्तर वर्षांपूर्वीची ही साथ आज आठवण्याचे कारण असे की, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याच्या योजना आता महापालिकेच्या अंदाजपत्रकापासून ग्रामपंचायतीच्या आराखड्यापर्यंत सगळीकडे आहेत. कुठे कर्दळीचे वाफे लावले जातात, कुठे ओझोनचे यंत्र बसते. उद्घाटन मात्र दोन्हीकडे एकाच पद्धतीचे. एका काचेच्या ग्लासात आधीचे काळपट पाणी, दुसऱ्यात नंतरचे नितळ पाणी, आणि मागे पाहुण्यांची रांग. हिपॅटायटिसचा विषाणू दोन्ही ग्लासांत सारखाच अदृश्य असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आढाव्यानुसार देशातल्या शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते आणि त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्षात प्रक्रिया होते. उरलेले कुठे जाते? नाल्यात, नदीत, आणि तिथून पंपाने शेतात. शहराच्या खालच्या अंगाला नदीकाठी गेले की उन्हाळ्यातही हिरवीगार मेथी, पालक, कोथिंबीर दिसते, ती याच पाण्यावर. तेव्हा सांडपाण्याचा पुनर्वापर करावा की करू नये, हा वाद निरर्थक आहे. तो रोज चालू आहे, फक्त प्रक्रियेशिवाय. त्याची किंमत त्या शेतात अनवाणी काम करणारी बाई, तिची मुले आणि ती भाजी कच्ची खाणारे शहरातले ग्राहक मोजतात. जंत, वारंवार होणारे जुलाब, टायफॉइड, कावीळ या रूपाने ती सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात येते आणि ‘दूषित पाणी’ या दोन शब्दांत केसपेपरवर नोंदली जाते.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की, कोणती पद्धत कोणत्या रोगजंतूला अडवते. कृत्रिम पाणथळ आणि रासायनिक ऑक्सिडीकरण या दोन पद्धतींना सध्या प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले जाते. निसर्गप्रेमी एका बाजूला, यंत्रे विकणारे दुसऱ्या बाजूला. आरोग्याच्या नजरेने पाहिले तर दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे.

आधी पाणथळ. १९५० च्या दशकात जर्मनीत केटे झाइडेल या संशोधिकेने लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पती मैलापाणी स्वच्छ करू शकतात हे प्रयोगांनी दाखवले. आज त्याचे रूप साधे आहे. आधी एका टाकीत गाळ बसू द्यायचा. मग तळाला पाणी न झिरपू देणाऱ्या, साधारण गुडघ्याहून थोड्या जास्त खोलीच्या वाफ्यात खडी आणि वाळू भरायची, त्यात पाणकणीस, नळ किंवा कर्दळ लावायची आणि पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून हळूहळू वाहू द्यायचे. झाडे पाणी शुद्ध करतात असे सरसकट सांगितले जाते, ते तितकेसे खरे नाही. खरे काम खडीवर आणि मुळांवर चढलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर करतो. झाडे त्याला आसरा देतात, थोडा ऑक्सिजन पुरवतात आणि वाफा मोकळा ठेवतात. नागपूरच्या ‘नीरी’ने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केले. दिल्लीत भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा येथील आवारात पाणकणसाच्या वाफ्यांतून रोज सुमारे २२ लाख लिटर मैलापाणी शुद्ध करून शेतीला देण्याची व्यवस्था उभी राहिली.

आपल्या हवामानात ही पद्धत चांगली चालते, कारण उष्णतेत जिवाणू जोमाने काम करतात. थंड देशात माणशी पाच चौरस मीटर वाफा लागतो, तिथे आपल्याकडे एक ते दोन पुरतात. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावाला पाऊण ते दीड एकर. ज्या गावात वीज रात्री येते आणि पहाटे जाते तिथे हवा फुंकणारी यंत्रे लावून चालवायचे प्रक्रिया केंद्र किती दिवस चालेल, हे वेगळे सांगायला नको. उतार मिळाला तर पाणथळाला वीज लागतच नाही. मात्र एक लाख वस्तीच्या शहराला हाच हिशेब २५ ते ५० एकरांवर जातो आणि मुंबईसारख्या शहरात तो विषयच संपतो.

आता आरोग्याचा हिशेब. चांगला पाणथळ वाफा मैलापाण्यातले ९९ टक्के जिवाणू कमी करतो, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. आकडा भारदस्त वाटतो. पण कच्च्या मैलापाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले सुमारे एक कोटी जिवाणू असतात. त्यांतले ९९ टक्के गेले तरी एक लाख उरतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला द्यायच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सुचवलेली मर्यादा होती एक हजार. म्हणजे ९९ टक्के शुद्ध झालेले पाणी त्या मर्यादेच्या शंभर पट घाण. टक्केवारी ही जाहिरातीची भाषा झाली. रोग्याच्या पोटात जातात ते उरलेले जंतू.

त्याच १९८९ च्या सूचनेत दुसरी एक अट होती, ती आपल्याकडे कुणाच्या फारशी ध्यानात राहिली नाही. लिटरमागे जंताचे एकाहून जास्त अंडे नसावे. गोलजंताचे अंडे मोठे चिवट असते. ओल्या मातीत ते महिनोन्‌महिने जिवंत राहते आणि त्याच्या जाड कवचापुढे क्लोरीनच्या किंवा ओझोनच्या नेहमीच्या मात्रेचे काही चालत नाही. पण आकाराने ते काविळीच्या विषाणूच्या हजार पटींहून मोठे आणि जड असते, त्यामुळे गाळाच्या टाकीत बसते, नाहीतर वाळू-खडीत अडकते. विषाणूचे अगदी उलट. तो खडीतून बऱ्याच अंशी निसटतो, पण स्वच्छ पाण्यात योग्य मात्रेत ओझोन किंवा मुक्त क्लोरीन मिळाला की टिकाव धरत नाही. एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमते, आणि म्हणून पाणथळ की रसायन हा वादच मुळात चुकीचा मांडला गेला आहे.

वरच्या वाक्यातले ‘स्वच्छ पाण्यात’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. घरगुती मैलापाण्यात लिटरमागे तीसेक मिलिग्रॅम अमोनियारूपी नायट्रोजन सहज असतो. क्लोरीन टाकला की तो आधी या अमोनियाशी जुळतो आणि क्लोरामाइन नावाची दुबळी संयुगे तयार होतात. त्यांनी जिवाणू मरतात, विषाणू बराचसा तगतो. अमोनिया पूर्ण संपवून मुक्त क्लोरीन हवा असेल तर एका भागाला आठ ते दहा भाग क्लोरीन लागतो, म्हणजे लिटरमागे अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम. इतका कुणी टाकत नाही आणि टाकूही नये, कारण सेंद्रिय घाणीशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी घातक द्रव्ये तयार होतात. तेव्हा अर्धवट शुद्ध केलेल्या मैलापाण्यावर क्लोरीनच्या पिशव्या ओतणे, जे आपल्याकडे सर्रास चालते, हा दस्तुरी उपाय आहे. आधी अमोनिया काढायला हवा. त्यासाठी पाणी आडवे वाहवणारा वाफा पुरत नाही. पाणी वरून थोड्या थोड्या वेळाने सोडून खाली झिरपवणारा उभा वाफा लागतो, कारण दोन पाळ्यांच्या मध्ये त्यात हवा शिरते आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू जगतात. निविदेत बहुतेक वेळा फक्त ‘वेटलँड’ एवढेच लिहिलेले असते. आडवा की उभा, हे विचारणारा अभियंता मिळाला तर ते गाव नशीबवान.

रासायनिक ऑक्सिडीकरणाचा पुढचा टप्पा क्लोरीनच्याही पलीकडचा आहे. १८९४ मध्ये फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लोहाचा क्षार मिसळला की जबरदस्त ऑक्सिडीकरण होते हे नोंदवले. त्यामागे हायड्रॉक्सिल नावाचा, क्षणभंगुर पण अतिशय आक्रमक कण असतो हे नंतर उमगले. ओझोन आणि पेरॉक्साइड, किंवा अतिनील किरण आणि पेरॉक्साइड, यांतूनही तोच कण तयार होतो. तो समोर येईल त्यावर तुटून पडतो. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण. घाण पाण्यात सोडला तर तो साबण, चरबी, विष्ठेचे कण यांवरच खर्ची पडतो आणि ज्याच्यासाठी आणला तो औषधाचा किंवा कीटकनाशकाचा अंश तसाच राहतो. महागडे रसायन वाया. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गाळ, मग वाफा, आणि सगळ्यात शेवटी, गरज असेल तरच, ऑक्सिडीकरण.

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत ही दोन्ही साधने एकाच पाणी-संस्थेकडे पाहायला मिळतात. तिथल्या सांता अ‍ॅना नदीत कोरड्या दिवसांत वाहते ते मुख्यतः वरच्या गावांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी. त्याचा मोठा भाग प्राडो येथील साडेचारशेहून अधिक एकरांच्या पाणथळांतून वळवून नायट्रेट कमी केले जाते आणि मग ते भूजलात मुरवले जाते. नायट्रेटचे काम झाडाझुडपांवर सोपवायला त्यांना कमीपणा वाटला नाही. दुसरीकडे, शहराचे स्वतःचे सांडपाणी अतिसूक्ष्म गाळण्यांतून काढून भूजलात घालण्याचा प्रकल्प त्यांनी १९७६ पासून चालवला होता. २००० मध्ये लक्षात आले की कर्करोगाचा धोका असलेले एनडीएमए नावाचे द्रव्य या गाळण्यांतूनही निसटून भूजलात पोहोचले आहे. पाठोपाठ डायॉक्सेनही सापडले. विहिरी बंद कराव्या लागल्या. २००८ मध्ये नवा प्रकल्प सुरू झाला तेव्हा शेवटच्या पायरीवर अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आले. ही पायरी कुणी सुरेख दिसते म्हणून घातली नाही. पाण्यात नेमके काय सापडले हे ठाऊक होते, म्हणून घातली.

इतके सगळे कर्दळीच्या वाफ्यावर चाललेल्या गावाला लागेल का? नाही. गावाच्या मैलापाण्यात औद्योगिक द्रावके नसतात. पण रुग्णालयाच्या सांडपाण्यात काय असते, हा प्रश्न मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी विचारायलाच हवा.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाने गोळी घेतल्यावर त्याच्या रक्तातही इतके औषध नसते. २०११ मध्ये दिल्लीतल्या रस्त्यांवर साचलेल्या आणि झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांमध्ये, ‘एनडीएम-१’ हे प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारे जनुक सापडले. तेव्हा देशाच्या बदनामीवर पुष्कळ चर्चा झाली, गटारांवर कमी. जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांना मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने काढला. पुढच्या वर्षीच्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा उरल्या नाहीत.

रुग्णालयांसाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम आहेत. त्यांत सांडपाण्याची कसोटी अशी की बीओडी ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, आणि त्या पाण्यात सोडलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत असावेत. मासा जगला ही चांगलीच गोष्ट आहे. पण माशाला अतिदक्षता विभागातला क्लेब्सिएला होत नाही. पाण्यात मेरोपेनेमला न जुमानणारे जंतू किती, याबद्दल नियम गप्प आहे. शिवाय प्रयोगशाळेत, वॉर्डात सढळ हाताने वापरलेले हायपोक्लोराइट शेवटी त्याच केंद्रात येते आणि मैला खाणारे उपयोगी जिवाणूच मारून टाकते. निर्जंतुकीकरणाचा अतिरेक शुद्धीकरणाच्या मुळावर येतो, हे अनेक रुग्णालयांच्या व्यवस्थापनाला आजही पटवून द्यावे लागते.

अशा ठिकाणी ऑक्सिडीकरणावर खर्च करणे रास्त आहे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून सातशेहून अधिक केंद्रांपैकी निवडक शंभरेक केंद्रांवर ओझोन किंवा सक्रिय कोळसा बसवून औषधांचे अंश ८० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले. सगळ्या केंद्रांवर घातले नाही, यात शहाणपण आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या निर्देशात या जादा पायरीचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. आपल्याकडे हा मुद्दा चर्चेतही नाही. ओझोन सर्वशक्तिमान नाही, हेही सांगायला हवे. डायक्लोफिनॅक, कार्बामाझेपिन यांना तो सहज मोडतो. सीटी स्कॅनआधी शिरेतून देतात ते आयोडीनयुक्त औषध मात्र त्याला फारसे दाद देत नाही. औषधे मोडून जे तुकडे उरतात तेही निरुपद्रवी असतीलच असे नाही, म्हणून स्विस केंद्रांत ओझोननंतर पुन्हा वाळूचा जैविक गाळणा असतो. आपल्याकडे तिथे छोटा खडीचा वाफा चालेल. आणि किनारपट्टीवर, मुंबई-कोकण-गोव्यात, जिथे खाडीचे खारे पाणी गटारात शिरते, तिथे ओझोन वापरताना समुद्रातल्या ब्रोमाइडपासून ब्रोमेट तयार होते. ते कर्करोगकारक असू शकते, त्यामुळे तिथले पाणी विहिरीत मुरवण्याआधी ही तपासणी टाळता येणार नाही.

पाणी जाणार कुठे, यावर शेवटी सगळे ठरते. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते, हा राज्यातला सर्वांत शहाणा पुनर्वापर म्हणावा लागेल. ते पाणी कुणी खात नाही, कुणी त्यात उभे राहत नाही, आणि तेवढे चांगले पाणी माणसांसाठी वाचते. वनीकरण, गुरांचा चारा, कापूस, बांधकाम यांना पाणथळातले पाणी चालावे. पालेभाजीला तेवढ्याने चालत नाही. पण तिथेही सगळा भार यंत्रावर टाकायचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये एकाच कसोटीचा हट्ट सोडून अडथळ्यांची साखळी सुचवली. ठिबकने मुळाशी पाणी दिले, तोडणीच्या आधी काही दिवस पाणी थांबवले आणि कडक ऊन मिळाले, तर पानांवरचे जंतू झपाट्याने मरतात. घरी वाहत्या पाण्यात भाजी नीट धुतली की आणखी एक दशांशावर येतात. पाणी थांबवले की मेथी कोमेजते आणि वजन घटते, त्यामुळे शेतकऱ्याला भावात काही मिळाल्याशिवाय तो हे करणार नाही. ही अडचण खरी आहे आणि ती कृषी खात्याने सोडवायची आहे, आरोग्य खात्याने पत्रके वाटून नव्हे.

पाणथळाचीही देखभाल लागते. पहिल्या टाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही तर दोन-चार वर्षांत खडी तुंबते, पाणी वर येऊन साचते आणि क्युलेक्स डासांना आयती जागा मिळते. पूर्व विदर्भात, जिथे हत्तीरोग अजून घर करून आहे, तिथे हे परवडणारे नाही. वाढलेली कर्दळ कापायची, गाळ काढायचा, तर माणूस त्या मैल्यात उतरणार. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उपसायला बंदी आहे. म्हणजे गाळ उपसायला यंत्र, आणि वाफ्यावर काम करणाऱ्याला बूट, हातमोजे, जंताच्या गोळ्या, टायफॉइडची लस यांची तरतूद हवी. योजनेच्या खर्चात झाडांच्या रोपांची किंमत असते, हे बाकीचे सहसा नसते.

आणि तपासणी. बीओडी मोजला जातो, कारण तो नियमात आहे. जंताची अंडी मोजली जात नाहीत, त्याला महाग यंत्राचे कारण देता येणार नाही. काही लिटर पाणी रात्रभर स्थिर ठेवून तळाचा गाळ घ्यायचा, तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. सेंट्रिफ्यूज आणि सूक्ष्मदर्शक प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असतात. तिथला तंत्रज्ञ रुग्णांच्या विष्ठेत हीच अंडी रोज शोधतो. गावाच्या वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा कॅन महिन्यातून एकदा त्याच्या टेबलावर पोहोचवायला एक शासकीय परिपत्रक आणि एसटीचे एक तिकीट पुरेसे आहे.